चुकलेले चौकोन

कारखान्यातून आलेला कापडाचा तुकडा ताईंनी आधी खिडकीपाशी धरून पाहिला, मग उजेडाकडे पाठ करून पाहिला, आणि शेवटी टेबलावर पसरून त्यावर भिंग ठेवलं. ठिपका होताच. हस्तिदंती सॅटिनच्या गुळगुळीत अंगावर एक दोरा जिथे खाली जायला हवा होता तिथे वर आला होता. मोहरीच्या दाण्याएवढी खूण. पण वीतभर पुढे पुन्हा तीच, तिच्यापुढे वीतभरावर पुन्हा तीच.

"मागाचा दोष असेल," मास्तरीण म्हणाली. ती चहाचे कप घेऊन वर आली होती आणि अजून उभीच होती.

"मागाचा दोष असता तर उभी रेघ आली असती. मागाचा दोरा उचलणारा आकडा अडकला की ताण्याचा, म्हणजे उभा, तो दोरा सगळ्या थानभर वरच राहतो. हा दर नक्षीत एकदाच येतोय." ताईंनी भिंग बाजूला ठेवलं. "म्हणजे नक्षीतच आहे. म्हणजे मीच काढलाय."

"एवढासा ठिपका कोणाला दिसणार आहे?"

"मला नाही दिसला, हाच तर प्रश्न आहे ना, मास्तरीणबाई."

मास्तरीण म्हणजे ताईंच्या धाकट्या भावाची बायको. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना इस्त्री आपोआप बंद का होते ते आकृती काढून समजावलं होतं. तेव्हापासून घरात तिला दुसऱ्या कोणत्याही नावाने कोणी हाक मारली नाही. ती आणि तिचा नवरा खाली राहायचे, ताई वरच्या दोन खोल्यांत एकट्या. पडद्यांचं आणि खुर्च्यांचं कापड विणणाऱ्या एका कारखान्यासाठी ताई नक्ष्या काढायच्या. पूर्वी चौकटीच्या कागदावर कुंचल्याने, आता कॉम्प्युटरवर. पद्धत मात्र तीच. लाखो बारीक चौकोन. भरलेला चौकोन म्हणजे ताण्याचा दोरा वर, रिकामा म्हणजे खाली. ती फाइल मागाला दिली की माग डोळे झाकून ती विणतो. चौकोन चुकला तर चूकही तितक्याच इमानाने विणतो.

इतक्या वर्षांत ताईंचा चौकोन चुकला नव्हता. निदान कापडापर्यंत तरी पोचला नव्हता.

"आईलाही असंच सुरू झालं होतं," चहाचा कप हातात घेत त्या म्हणाल्या. "तांदूळ निवडून झाले म्हणायची, आणि ताटात खडे. ती याच वयाची होती."

मास्तरणीने सासूबाईंना पाहिलं होतं ते भिंतीला हात लावत चालतानाच. तिच्या मनात त्या वेळी दुसरं काही आलंही नव्हतं. पुढे तिने स्वतःला अनेकदा विचारलं, खरंच आलं नव्हतं का? उत्तर दरवेळी तेच यायचं, आणि दरवेळी त्याच्यावरचा तिचा विश्वास थोडा कमी व्हायचा.

*

गोष्ट सुरू झाली होती कॉलेजच्या सुट्टीत. ताईंचं मशीन जुनं होतं. मोठी नक्षी उघडली की पडदा गोठायचा, आणि रंग बदलला की ताईंना उठून झाडांना पाणी घालून येण्याइतका वेळ मिळायचा. "माझी झाडं या डब्यामुळेच जगली आहेत," असं त्या म्हणायच्या. नवं मशीन घ्यायला त्या तयार नव्हत्या. नक्षीचा जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नव्हता, आणि नवा प्रोग्रॅम शिकायचा म्हणजे हात पुन्हा वळवायचा.

मास्तरणीला सुट्टीत हाताला काम लागायचं. ती म्हणाली, याच डब्याला पळवून दाखवते.

कॉम्प्युटरचा मदरबोर्ड सतत एक ठोका देत असतो. प्रोसेसर त्या ठोक्याच्या काही पट वेगाने धावतो. मेमरीही त्याच ठोक्याला बांधलेली असते. मध्ये फक्त एक गुणोत्तर असतं, त्याला डिव्हायडर म्हणतात. मूळ ठोका वाढवला की प्रोसेसर पळू लागतो, पण त्याच्याबरोबर मेमरीही फरफटत जाते. म्हणून मेमरीसाठी धिमं गुणोत्तर निवडायचं, म्हणजे ठोका वाढला तरी तिचा वेग आवाक्यात राहतो. कागदावर हे दोन ओळींचं गणित आहे, आणि मास्तरीण अशी गणितं भाजी चिरता चिरता करायची. तिने ठोका वाढवला, यादीतून एक गुणोत्तर निवडलं, मेमरीचा वेग तिच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या आत राहतोय हे पाहिलं आणि समाधान पावली.

मग तिने चाचणी लावली. इथे तिने काळजीपूर्वक विचार केला होता, आणि नेमका तोच नडला. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये पर्याय होते. त्यातला सगळ्यात छोट्या आकड्यांचा पर्याय प्रोसेसरला सगळ्यात जास्त तापवतो. तापून टिकलं ते टिकलं, असा तिचा हिशेब. पण आकडे इतके छोटे की ते प्रोसेसरच्या पोटातल्या साठवणीतच मावतात; बाहेरच्या मेमरीला कोणी हाकच मारत नाही. दिवसभर चाचणी चालली आणि पास झाली. घोडा दौडवून पाहिला, पण खोगिराचा पट्टा ओढून पाहिला नाही, असंच ते झालं.

ताईंनी मोठी नक्षी उघडली तेव्हा ती झटकन उघडली. त्यांनी दोनदा बंद करून पुन्हा उघडून पाहिली. "अगं, आता झाडांचं कसं होणार?" म्हणाल्या. मास्तरीण आठवडाभर फुशारकीत होती.

*

पहिल्या तुकड्यामागून दुसरा आला. त्यात दोन ठिपके. मग कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. हा माणूस ताईंना मानणारा, त्यामुळे बोलायला त्याला जड जात होतं. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, हात चौकोन भरण्यात गुंतले होते.

"ताई, घाई नाहीये काही. तुम्ही हवं तर जरा विश्रांती घ्या."

"विश्रांतीने चौकोन भरणार आहेत का?"

"तसं नाही हो. नाट्यगृहाचा पडदा आहे ना पुढे, म्हणून आपलं म्हटलं."

नाट्यगृहाचा पडदा हे ताईंचं सगळ्यात मोठं काम. रंगमंचाच्या मुखाशी टांगायचा, दोन मजल्यांएवढा. त्यावर वेतांचं बन आणि खाली पाण्याच्या रेषा. अर्ध्या वर्षापासून त्या तो काढत होत्या. नक्षीमागची जमीन सगळी सॅटिनची, म्हणजे एक दोरा चुकला तरी दिव्यांच्या झोतात चमकणार.

फोन ठेवल्यावर ताईंनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं. मास्तरणीचा नवरा त्यांना घेऊन गेला. मास्तरीण घरी राहिली, आणि घरी राहिल्यावर ती वर जाऊन ताईंच्या खुर्चीत बसली. का बसली, ते तिला धड सांगता आलं नसतं. खाली जेवणाची तयारी करताना एक विचार येऊन गेला होता, इतका नकोसा की पातेल्यावर झाकण ठेवावं तसं तिने त्यावर झाकण ठेवलं होतं. पण ते झाकण खडखडत होतं.

तिने ठिपके आलेल्या दोन्ही कापडांच्या फाइली उघडल्या आणि शेजारी ताईंच्या सुट्टीआधीच्या मूळ आवृत्त्या. जुन्या-नव्यातला फरक काढून देणारा एक छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला. ताईंनी मुद्दाम केलेले बदल भराभर दिसले. एखादं पान वळवलेलं, एखादी रेघ लांबवलेली. ते वगळले की उरले मोजके सुटे चौकोन. तिने त्यांच्या उभ्या रांगांचे क्रमांक लिहिले आणि सवयीने भाग देऊन पाहिलं. चौसष्टने भागलं की प्रत्येकाची बाकी तीच.

ती खुर्चीत मागे टेकली.

माणसाचा हात चुकतो तेव्हा कुठेही चुकतो. थकलेला डोळा कडेला चुकेल, दाटीत चुकेल. पण मेमरी चौसष्ट तारांनी एका दमात वाचली जाते, आणि त्यातली एकच तार डळमळीत असेल तर चूक नेहमी त्याच जागी पडते. हे ठिपके ताईंचे नव्हते. ताईंनी चौकोन बरोबर भरला होता. मशीनने तो उलटा लक्षात ठेवला होता, आणि तसाच जपून ठेवला होता.

मास्तरणीने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सेटिंगच्या पानावर गेली आणि सगळं मूळ स्थितीला नेणारी कळ दाबली. आधी कोणतं गुणोत्तर लावलेलं होतं, तेही तिने वाचलं नाही. मुळात तिला ते बघायचंच नव्हतं. मशीन पुन्हा पहिल्यासारखं हळू झालं. मग सुट्टीनंतरची नाट्यगृहाच्या पडद्याची फाइल तपासून तिच्यातले सुटे चौकोन तिने एकेक करून जागच्या जागी बसवले. कोणाला काही कळणार नाही, इतकं ते स्वच्छ झालं.

ताई परत आल्या तेव्हा जिन्यातच म्हणाल्या, "मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणे."

"पण ते म्हणाले कामाला काही अडचण नाही," मागून भाऊ म्हणाला.

"डॉक्टर धीर द्यायलाच बसलेले असतात."

हीच ती वेळ होती. मास्तरणीने तोंड उघडलंही. पण ताई दमल्या होत्या, चष्मा काढून डोळे चोळत होत्या, आणि नवरा समोर होता. तिने विचार केला, उद्या शांतपणे सांगू. शिवाय आता बिघाड तर काढलाच आहे. पुढचं कापड स्वच्छ येईल, ताईंना आपोआप हायसं वाटेल, मग हसत हसत सांगू. आपल्या भित्रेपणाला ती इतकी नीटनेटकी कारणं देऊ शकते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "मशीन पुन्हा हळू झालंय का गं? का मलाच सगळं हळू दिसतंय?"

"असेल काहीतरी," ती म्हणाली. "बघते."

ही दोन वाक्यं नंतर तिला फार दिवस टोचत राहिली.

*

पुढचं कापड स्वच्छ आलंच नाही, कारण ताईंनी पुढची नक्षी पाठवलीच नाही. काढलेला प्रत्येक भाग त्या भिंगाखाली पुन्हा तपासायच्या, मग पुन्हा. एका वेतासाठी सबंध सकाळ. स्वतःच्या हाताखालचा चौकोन काळा आहे की पांढरा, याबद्दल त्यांना खात्री वाटेनाशी झाली होती. आणि मास्तरीण मात्र कॉलेजातून येताना रोज ठरवायची, आज सांगायचं. दारात चपला काढेपर्यंत ते ठरलेलं असायचं. जिना चढेपर्यंत विरून जायचं.

मग एका दुपारी ती वर गेली, तर ताई जुने रंगवलेले कागद गुंडाळून दोऱ्याने बांधत होत्या. सुरुवातीच्या काळातले, कुंचल्याने भरलेले.

"हे काय?"

"मॅनेजर आज संध्याकाळी येतोय. पडद्याची फाइल घेऊन जाईल, दुसऱ्या कोणाकडून पुरी करून घेईल. हे कागदही देऊन टाकते, तिथल्या कोणाला उपयोगी पडतील." ताईंनी गाठ मारली. "मीच सांगितलं त्याला. त्याने काढून टाकण्याआधी आपण उठलेलं बरं दिसतं."

"ताई, नका देऊ."

"अगं, रडतेस काय?"

"तुमचे डोळे नाही चुकले. मी चुकवलंय." आणि मग मास्तरणीने सगळं सांगितलं. ठोका, गुणोत्तर, चुकीची चाचणी, चौसष्ट तारा. वर्गात शिकवताना तिची वाक्यं कशी एकामागून एक ओळीत यायची. आज ती एकमेकांच्या पायात पाय घालत होती.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"किती जीव लावतेस गं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मला बरं वाटावं म्हणून एवढं सगळं रचून आणलंस. आईच्या वेळीही तू असंच करायचीस. तिने फोडलेल्या बरण्या तू स्वतःच्या नावावर घ्यायचीस. मला काय माहीत नाही?"

"ताई, हे रचलेलं नाही. बाकी बघा ना, प्रत्येक चौकोनाची बाकी एकच येते."

"तुला आकडे दिले की तू त्यातून रामायण काढशील. आमच्या इस्त्रीतूनही काढलं होतंस."

रागावतील, बोलणं सोडतील, नवऱ्याला सांगतील, या सगळ्याची मास्तरणीने मनात तयारी केली होती. खरं सांगितल्यावर आपल्यालाच चांगलं ठरवलं जाईल, हे तिच्या हिशेबात नव्हतं. डोक्यावरून फिरलेला तो हात तिला चपराकीसारखा लागला.

"मी दाखवते," ती म्हणाली. "मशीन पुन्हा तसंच लावते आणि चुकताना दाखवते. मॅनेजर यायच्या आत."

"दाखव बाई. मला तरी आता काय उद्योग आहे?"

*

तिने कॅबिनेट टेबलाखालून ओढून टेबलावर घेतलं, बाजूचा पत्रा उघडला, मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसले आणि पुन्हा बसवल्या. ठोका किती वाढवला होता ते पाठ होतं. गुणोत्तराचं मात्र आठवावं लागलं. जवळजवळची दोन होती, एक सावध आणि एक धीट. सावधच निवडलं असणार, ती मोठ्यानेच म्हणाली. आपला स्वभावच तसा. फक्त मेमरी तपासणारा प्रोग्रॅम तिने पेन ड्राइव्हवरून सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरकू लागले. चूक सापडली की तिथे लाल ओळ येते.

लाल ओळ आली नाही.

एक फेरी पुरी झाली. दुसरी सुरू झाली. ताई शेजारी बसून कागदांच्या गुंडाळ्यांवर खुणा करत होत्या. मास्तरणीने आयुष्यात कितीतरी यंत्रं दुरुस्त केली होती, पण यंत्र बिघडावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची तिची ही पहिलीच वेळ.

"पास झालं का?" ताईंनी विचारलं.

"पास होतंय."

"मग अभिनंदन."

"ताई, थट्टा नका करू. तुम्ही काम करता तेव्हा हा डबा कुठे असतो?"

"टेबलाखाली. भिंतीला टेकवून. पंख्याचा आवाज डोक्यात जातो म्हणून पुढे कापड सोडते."

"कुठलं कापड?"

"आमच्याच कारखान्याचं. जाड आहे, आवाज छान अडतो."

आवाज अडणारं कापड हवाही अडवतं. मास्तरणीने पत्रा लावला, डबा होता तिथे ढकलला, वरून ते जाड कापड सोडलं. पुन्हा चाचणी. आता ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि कापडावर हात ठेवून आतली ऊब वाढतेय का ते बघत राहिली, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशी. ऊब वाढली. पडद्यावर पांढरे आकडे शांतपणे सरकत राहिले. लाल ओळ नाही.

बाहेरचा उजेड पिवळा होत चालला होता.

"सोड आता," ताई म्हणाल्या. आवाज मऊ होता. "तू इतकी खटपट केलीस, तेवढं पुरे. माझं वय झालंय, यात तुझा काय दोष?"

"तुम्ही असं म्हणू नका हो."

"बरं, नाही म्हणत. पण मग मला एक सांग. मशीन पळवलंस त्या दिवशी तर तू म्हणत होतीस की कंपनीने पट्टीवर जो वेग छापलाय त्याला अगदी चिकटून बसवलंय, केसाचीही फट ठेवली नाही. दोनदा सांगितलंस. जेवताना तुझ्या नवऱ्यालाही सांगितलंस. आणि आज म्हणतेस सावध लावलं होतं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण दोन्ही कसं खरं असेल?"

ते जेवण मास्तरणीला आठवलं. आपला आवाज आठवला; केसाचीही फट नाही, हे म्हणताना त्यात आलेला चढ. सावध गुणोत्तराने मेमरीचा वेग छापील आकड्याच्या बराच खाली राहत होता, आणि ते तिला कमीपणाचं वाटलं होतं. धीट गुणोत्तराने आकडा जवळजवळ तंतोतंत जुळत होता. तो आकडा सुंदर दिसला म्हणून तिने निवडला होता. आणि आज आठवताना मनाने परस्पर स्वतःला सावध करून टाकलं होतं.

आकडा मर्यादेच्या आत असला म्हणून गुणोत्तर विश्वासाचं असतंच असं नाही. काही बोर्डांवर काही गुणोत्तरं मुळातच लंगडी असतात. हे तिला माहीत होतं. विद्यार्थ्याने विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं.

तिने उठून सेटिंगचं पान उघडलं आणि गुणोत्तर बदललं. पुन्हा चाचणी लावली. डबा तापलेलाच होता. यावेळी ती पडद्याकडे न बघता खिडकीकडे बघत उभी राहिली, कारण आता लाल ओळ आली तरी भीती, नाही आली तरी भीती.

"मास्तरीण," मागून ताई म्हणाल्या. "लाल आली."

ती वळली. पडदा खोलीच्या त्या टोकाला होता, ताई आता या टोकाला दारापाशी, हातात दोऱ्याची गुंडी. त्यांनी चष्मा लावला होता, भिंग नव्हतं.

"आणखी एक आली. यात शेवटी जे लिहिलंय ते दोन्हींत सारखंच आहे. पुढचे आकडे वेगळे आहेत. आता तिसरी. तिच्यातही शेवट तोच."

मास्तरणीला इथून ती अक्षरं धड लागत नव्हती. ती जवळ गेली. चुकलेली जागा प्रत्येक ओळीत एकच होती, फाइलींत सापडलेली तीच.

ताई उठून आल्या आणि लाल ओळींसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी डावा डोळा हाताने झाकून वाचलं, मग उजवा झाकून वाचलं. मास्तरणीला त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं वाटलं होतं. तो आलाही, एखादा क्षण. मग त्यामागून दुसरं काहीतरी आलं.

"तुला हे कधी कळलं?"

इथे थोडं मागेपुढे सांगता आलं असतं. आज सकाळी, काल. एक शब्द बदलला असता तर भागलं असतं.

"तुम्ही डॉक्टरकडे गेलात त्या दिवशी."

"मी परत यायच्या आत?"

"हो."

"मग मी जिन्यात होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मशीन हळू झालंय का विचारलं तेव्हाही."

"हो, ताई."

ताईंनी मान हलवली, हिशेब जुळतोय की नाही ते बघावं तशी. "रोज सकाळी मी एकेक चौकोन बोटाने मोजत होते. चहा आणून देताना तू बघत होतीस."

"हो."

"मोतीबिंदू आहेच," ताई म्हणाल्या. "तो माझा मला आहे, बघून घेईन. पण हे ठिपके तू माझ्या पदरात राहू दिलेस. चूक झाली याचं मला काही नाही. माझ्यासाठीच तू तो डबा पळवलास, मीच नाचले. पण नंतरचं?"

खाली बेल वाजली.

दोघींनीही जिन्याकडे पाहिलं. मास्तरणीचा नवरा अजून कामावरून आला नव्हता.

"दार तू उघड," ताई म्हणाल्या. "आणि त्याला तूच सांग. मी खाली येणार नाही."

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंस ते. पण रडून नको. तू रडलीस की लोकांना वाटतं तू चांगुलपणा करतेयस."

मॅनेजर दारात उभा होता, हातात कागदांसाठी आणलेली लांब पिशवी. मास्तरणीने त्याला बसवलं नाही. बसवलं असतं तर पाण्याचा पेला, इकडचं तिकडचं, आणि तेवढ्यात पाय मागे सरला असता. तिने दारातच सांगितलं, की कापडातले दोष ताईंचे नव्हते, मशीनचे होते; मशीन तिने बिघडवलं होतं; आणि हे तिला बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. शेवटचं वाक्य त्याने विचारलं नव्हतं. ते तिने आपण होऊन सांगितलं.

त्याने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "वहिनी, मी तर तिकडे दुसऱ्या माणसाशी बोलून बसलोय."

"त्यांना मी फोन करू?"

"नको, ते माझं मी बघतो. जमेल की नाही ते आत्ता नाही सांगू शकत." त्याने वर जिन्याकडे नजर टाकली. "ताई रागावल्यात का?"

"हो."

"साहजिक आहे," तो म्हणाला, आणि रिकामी पिशवी गुंडाळत गेला.

ती वर आली तेव्हा लाल ओळींनी पडदा भरून गेला होता. ताईंनी कागदांच्या गाठी सोडल्या नव्हत्या, पण गुंडाळ्या दारापासून उचलून कपाटाशी नेऊन ठेवल्या होत्या. मॅनेजर काय म्हणाला ते तिने शब्दाला शब्द सांगितलं, त्यात गोड काही मिसळलं नाही.

"ठीक," ताई म्हणाल्या. "आता हे मशीन पहिल्यासारखं कर. माझ्यासमोर."

"फार हळू होईल ते."

"होऊ दे."

मास्तरणीने सेटिंगचं पान उघडलं. यावेळी तिने ती एकच कळ दाबली नाही. एकेक ओळ मागे घेत गेली, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत गेली. ठोका अमुक होता, आता मूळचा. गुणोत्तर अमुक होतं, आता आपोआप. ताईंनी खुर्ची जवळ ओढली आणि चष्मा नाकावर सारखा केला. तिच्या वाचण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पडद्यावरचं स्वतः वाचत होत्या.

सगळं झाल्यावर मास्तरणीने जतन करायच्या कळीवर बोट ठेवलं.

"थांब," ताई म्हणाल्या. "वरून तिसरी ओळ परत दाखव."